चोविसावा हिस्सा : एका काळ्या-पिवळ्या फियाटची प्रतिकृती

१/
३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर 'प्रीमियर पद्मिनी' जातीची एकही टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती आणि मुंबईत टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे ठरवून दिलेले आहे. वृत्तपत्रांनी निरोपाचे लेख छापले. त्याच आठवड्यात डोंबिवलीतील एका अठरा वर्षांच्या मुलाने जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या प्लॅस्टिकचा पातळ पत्रा अंथरला आणि त्यावर पेन्सिलीने पहिली रेघ ओढली. त्याला आपल्या आजोबांची टॅक्सी बनवायची होती, मूळ गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी. हा धागा त्या प्रतिकृतीचा आहे. ती घडवताना त्या घराचा इतिहास दोनदा दुरुस्त करावा लागला. पहिली दुरुस्ती चुकीची निघाली.

२/
घरातली गोष्ट अशी होती. १९७२ चा दुष्काळ. सातारा जिल्ह्यातील माण तालुका, जिथे बऱ्या वर्षीही पाऊस हात राखूनच पडतो. दुष्काळी कामांवर खडी फोडायची, मजुरीबरोबर सुकडी घ्यायची आणि रेशनवर आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खायच्या. त्या पिढीच्या तोंडी आजही हे शब्द येतात. विशीतल्या आजोबांनी घमेले खाली ठेवले आणि मुंबई गाठली. पुढचे वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ होते : 'दुष्काळाच्या साली आजोबांनी पद्मिनी घेतली.' लग्नकार्यात, पाहुण्यांपुढे, शाळेच्या निबंधात हे वाक्य आले की ऐकणाऱ्याची मान आदराने हले. एका वाक्यात दुष्काळही होता आणि त्यावरची मातही होती.

३/
पुरावा म्हणून भिंतीवर एक छायाचित्र होते. रंगीत, पण रंग विटून तांबूस झालेले. टॅक्सी किंचित तिरकी उभी आहे. बॉनेटवरून खाली लोंबणारा झेंडूचा जाड हार, चाकांना कुंकवाची बोटे, पुढे फोडलेला नारळ. आजोबा खाकी गणवेशात ताठ उभे आहेत. चौकटीच्या कडेला, अर्धी कापली गेलेली, एक स्त्री गाडीच्या दारावर हात ठेवून उभी आहे. ती आजी. आजोबांना जाऊन बारा वर्षे झाली होती आणि गाडी त्याच्याही आधी विकली गेली होती. मुलाच्या वडिलांना ती पूजा आठवत होती. तेव्हा ते लहान होते आणि ती दसऱ्याची पूजा असावी असे त्यांना वाटे. दसऱ्याला वाहनाला हार घालणे ही महाराष्ट्रात दरवर्षीची रीत. त्यामुळे झेंडूचा हार पाहून साल सांगता येत नाही.

४/
प्रतिकृतीच्या जगात पहिला प्रश्न प्रमाणाचा असतो आणि प्रत्येक प्रमाणाला स्वतःचा इतिहास असतो. १:४३ हे मोटारींच्या प्रतिकृतींचे लोकप्रिय प्रमाण खेळण्यातल्या आगगाड्यांकडून आले. ब्रिटिश 'ओ' मापाच्या रुळांवर एक फूट म्हणजे सात मिलिमीटर धरत. हिशेब केला की साडेत्रेचाळीस येतात. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने स्थानकाशेजारी मांडायला म्हणून छोट्या मोटारी काढल्या आणि १९३४ पासून त्या 'डिंकी टॉइज' या नावाने जगभर गेल्या. १:२४ ची जन्मकथा याहून सोपी. एक फूट म्हणजे अर्धा इंच. घरांच्या लहान प्रतिकृती करणाऱ्यांनाही हे माप सोयीचे पडते. या प्रमाणात मोटार तळहातावर मावते, पण दाराची मूठ आणि मीटरचा झेंडा दाखवण्याइतकी जागाही राहते.

५/
मापे घेण्यासाठी गाडी हवी. बाजारात मिळणारी खेळणी ओळखीपुरती सारखी असतात. छपराचा बाक आणि चाकांमधले अंतर त्यांत जुळत नाही. मुलगा कुर्ल्याला गेला. तेथील भंगाराच्या दुकानांमागे दोन पद्मिनी एकीवर एक चढवून ठेवलेल्या होत्या. परवानगी घेऊन त्याने दोन रविवार मोजमाप केले. पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांतील अंतर २३४० मिलिमीटर. चोविसाने भागल्यावर ९७.५. एकूण लांबी सुमारे ३.९३ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत १६४ मिलिमीटरच्या आसपास. ५.२० बाय १४ मापाचा टायर चोविसाव्या हिश्श्यात जवळजवळ बरोबर एक इंच व्यासाचा होतो. वहीचे पान भरत गेले. मोजता मोजता त्याच्या ध्यानात आले, की ही गाडी मोडायला आली होती तेही तिच्या जन्मगावीच.

६/
कारण पद्मिनी कुर्ल्याची. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' स्थापन केली. जहाजे, विमाने आणि मोटारी ही तिन्ही वाहने देशातच बनावीत हा त्यांचा ध्यास होता. सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन आणि बंगळुरूचा विमान कारखाना यांच्याशीही त्यांचेच नाव जोडलेले आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लर समूहाच्या गाड्या जोडल्या जात. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत इटलीच्या फियाटशी करार झाला आणि लहान गाड्यांचे युग सुरू झाले. १९५३ मध्ये वालचंद गेले. योगायोग असा, की फियाटने '११००/१०३' ही गाडी जगापुढे आणली तेही त्याच वर्षी. कुर्ल्याचे पुढचे अर्धे शतक याच गाडीच्या वंशावर चालायचे होते.

७/
वंशावळ थोडक्यात अशी. पन्नाशीच्या दशकातली गोलसर पाठीची '११००' महाराष्ट्रात 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखली गेली. या नावात टिंगलीपेक्षा लाडच अधिक. १९६४ मध्ये कुर्ल्याहून 'फियाट ११०० डिलाइट' बाहेर पडू लागली. ती इटलीच्या '११०० डी'ची बहीण, मात्र इटलीतल्या गाडीला १२२१ घनसेंटिमीटरचे इंजिन होते आणि इथे जुने १०८९ चेच राहिले. १९७० च्या दशकाच्या आरंभी 'फियाट' हे नाव उतरले आणि गाडी काही काळ 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली. १९७४ पासून तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले : पद्मिनी. साठीचे दशक संपता संपता इटलीने हा सारा वंश बंद केला. कुर्ल्यात तो नव्या सहस्रकाच्या उंबरठ्यापर्यंत चालला. परवाना राजवटीत गिऱ्हाईक गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबत असे, तेव्हा नवा नमुना काढण्याची घाई कारखान्याला नव्हती.

८/
इथे मुलगा थबकला. पद्मिनी हे नाव जर १९७४ चे, तर १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी पद्मिनी घेतली कशी? त्याने तर्क केला, की गाडी 'फियाट डिलाइट' असणार आणि नाव नंतर चिकटले असणार. तर्क वाजवी होता. ठिकठिकाणी असेच घडते. जुन्या वस्तूला लोक पुढच्या काळाचे नाव देतात. रात्रीच्या जेवणाला त्याने हे जाहीर केले. वडिलांनी भुवया उंचावल्या. काका म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही चुकीचं सांगत होतो तर!" आजी ताटातला भात कालवत राहिली. तिने काही म्हटले नाही, आणि ती काही म्हणत नाही हेही कोणाच्या लक्षात आले नाही. मुलाने वहीत लिहिले : 'फियाट ११०० डिलाइट, १९७२.' त्याची पहिली दुरुस्ती ती हीच.

९/
मग काम सुरू झाले. खऱ्या गाडीचा पत्रा एक मिलिमीटर जाड धरला तर चोविसाव्या हिश्श्यात तो ०.०४ मिलिमीटर होतो, म्हणजे केसाहूनही पातळ. इतके पातळ काहीच टिकत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा पत्रा वापरला तर तो मूळ मापात बारा मिलिमीटर जाड ठरतो, एखाद्या चिलखती गाडीसारखा. म्हणून कारागीर डोळ्याला फसवतो. पत्रा जाडच ठेवायचा, पण जिथे कड दिसते तिथे आतून तासून ती धारदार करायची. मडगार्डची कड, खिडकीची चौकट, बॉनेटचा ओठ या जागी मुलाचे आठवडे गेले. बाकाच्या जागांसाठी त्याने लाकडाचा साचा केला, उष्णतेने मऊ केलेला पत्रा त्यावर दाबला, खोलगट जागी लांबी भरली आणि पॉलिश पेपरने पाण्यात घासले. दारांच्या फटी सुईच्या टोकाने कोरल्या, प्रत्येकी ०.२ मिलिमीटर.

१०/
मागच्या मडगार्डवर पद्मिनीला लहानसे पर आहेत, आणि त्यांच्या टोकाला उभे दिवे. त्या परांचा प्रवास ऐकण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे 'पी-३८ लाइटनिंग' हे दोन शेपट्यांचे लढाऊ विमान जनरल मोटर्सच्या रचनाकारांनी पाहिले. त्यांचे प्रमुख हार्ली अर्ल यांना ती शेपटी इतकी भावली, की १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागे तिची छटा उमटली. पन्नाशीच्या दशकात पर वाढत वाढत सुऱ्यासारखे झाले. इटलीने ती फॅशन घेतली, पण आवरून. आणि कुर्ल्याने तो आवरलेला पर शतक संपेपर्यंत जपला. दादरला पावसात टॅक्सी थांबवणाऱ्या माणसाच्या हाताशी एका लढाऊ विमानाची दूरची आठवण असे. पर कोरताना मुलाने तो चार वेळा फेकून दिला. एक मिलिमीटर जास्त झाला तरी गाडी अमेरिकन दिसू लागे.

११/
रंगाचा प्रश्न वरकरणी सोपा : अंग काळे, टप पिवळा. अडचण अशी, की शुद्ध काळा रंग लहान वस्तूवर अधिकच काळा दिसतो. मोठी गाडी आपण अंतरावरून पाहतो, मधल्या हवेने आणि उजेडाने काळा थोडा उजळतो. टेबलावरच्या गाडीला ती हवा मिळत नाही. म्हणून काळ्यात करड्याचा थेंब मिसळावा लागतो. पिवळा कोणता, हे विटलेले छायाचित्र सांगू शकत नव्हते. मुलाने कुर्ल्याच्या भंगारात टपाच्या पन्हळीखाली, जिथे ऊन पोचत नाही, तिथला रंगाचा पापुद्रा खरवडून आणला होता. त्याच्याशी तो जुळवला. आधी फिका पिवळा, मग चिकटपट्टी, मग काळा. रंगाचे थर शक्य तितके पातळ, कारण दशांश मिलिमीटरचा थर चोविसाने गुणला तर जवळजवळ अडीच मिलिमीटर होतो आणि कोरलेल्या सगळ्या फटी बुजवून टाकतो.

१२/
आतली बाजू ही टॅक्सीवाल्याची खोली असते. पद्मिनीचा गिअर जमिनीवर नव्हता. स्टिअरिंगच्या दांड्याला डावीकडे त्याची काठी होती. त्यामुळे पुढे सलग बाकासारखी बैठक बसली आणि चालकाशेजारी उतारूला जागा झाली. बाहेर, पुढच्या काचेच्या डाव्या अंगाला, यांत्रिक मीटर. झेंडा वर असेल तर गाडी मोकळी. उतारू बसला की झेंडा खाली. 'मीटर डाऊन' हे शब्द मुंबईच्या मराठीत तिथूनच आले. सुमारे २०१२ पर्यंत इलेक्ट्रॉनिक मीटरांनी ही झेंडेवाली यंत्रे हटवली. मुलाने मीटर पितळेच्या पट्टीतून कापला आणि झेंडा तांब्याच्या तारेच्या टोकावर डाकला. इंजिनातली ठिणगीची तार मूळ सात मिलिमीटर जाड, तिच्यासाठी ०.३ मिलिमीटरची तार एका जुन्या हेडफोनमधून मिळाली. सहा महिने झाले होते. आता फक्त नंबरपाटी राहिली होती.

१३/
नंबरपाटी शेवटी ठेवण्याचे कारण छायाचित्रात होते. झेंडूचा हार नेमका पाटीवरून गेला होता. उजवीकडचे चार आकडे स्पष्ट दिसत. डावीकडे फुलेच फुले. इतकी वर्षे ती पाटी वाचण्याची गरज कोणालाच पडली नव्हती. आजोबांना नंबर ठाऊक होता, मुलांना आजोबा ठाऊक होते. पण प्रतिकृतीला पाटी लागते आणि पाटीवर काहीतरी एक लिहावे लागते. मुलाने छायाचित्र चौकटीतून काढले, मोठ्या तपशिलाने स्कॅन केले आणि पडद्यावर फुलांच्या मधली एकेक फट न्याहाळू लागला. दोन फुलांच्या मधे 'एम' दिसला. पाकळीच्या कडेला 'एच'. आणि त्यांच्या लगेच पुढे, हाराच्या दोऱ्याखाली, अक्षर नव्हते. शून्य आणि एक होते. 'एमएच ०१.'

१४/
ही चार चिन्हे म्हणजे एक तारीखच आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्याबरोबर देशभर नोंदणीची नवी पद्धत आली : आधी राज्याची दोन अक्षरे, मग कार्यालयाचा क्रमांक. महाराष्ट्र म्हणजे 'एमएच', ताडदेव म्हणजे '०१'. त्याआधी मुंबईच्या गाड्यांवर तीन अक्षरे आणि पुढे आकडे असत. पाटीवर नुसती 'एमएच' अक्षरे दिसली असती तर ती जुन्या तीन अक्षरी मालिकेतली पहिली दोन असावीत अशी शंका घेता आली असती. अक्षरांपाठोपाठ आलेल्या शून्याने ती शंका मिटवली. छायाचित्रातली गाडी १९७२ मध्ये नोंदलेली असणे शक्य नव्हते. १९७५ किंवा १९८५ मध्येही नाही. ती १९८९ च्या मध्यानंतरची होती. मग तिचे नाव पद्मिनीच असणार.

१५/
म्हणजे घराच्या गोष्टीत नाव बरोबर होते, साल चुकले होते. मुलाने नेमके उलट केले होते : बरोबर असलेले नाव खोडले आणि चुकलेले साल जपले. इतिहास वाचणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे असे आहे. एका साक्षीतल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत एवढेच कळले, तर दोहोंपैकी खोटी कोणती हे अजून कळलेले नसते. मन मात्र लगेच निवड करते, आणि बहुधा जी गोष्ट आवडती असते तिला वाचवते. इथे आवडता होता दुष्काळ. नाव बदलले तरी आजोबांची मात शाबूत राहत होती. साल बदलले तर प्रश्न उभा राहत होता : मुंबईत आल्यापासून या छायाचित्रापर्यंतची वर्षे आजोबा कोणाची गाडी चालवत होते?

१६/
मुलगा आजीजवळ जाऊन बसला. पाटीबद्दल सांगितले. आजीने चष्मा पुसला, उठून पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक पोस्टकार्ड काढले. आजोबांनी आपल्या वडिलांना गावी पाठवलेले. टपालाच्या शिक्क्यात १९७३ वाचता येत होते. चार ओळींचा मजकूर, त्यातली एक ओळ अशी : 'फियाट गाडी मिळाली आहे, काळजी नसावी.' मुलगा म्हणाला, "म्हणजे घेतलीच होती ना?" आजी हसली. "अरे, मिळाली म्हणजे चालवायला मिळाली. शेठची गाडी. रोजचा ठरलेला पैसा शेठला द्यायचा, पेट्रोल आपलं, उरलं तर घरी. घ्यायला पैसं कुठलं?" पत्र ज्यांना आले त्यांनी 'मिळाली' हा शब्द आपल्या मनासारखा वाचला होता. दुष्काळातल्या त्या गावाला तसाच वाचायला हवा होता.

१७/
"मग खरं कुणी सांगितलं का नाही?" मुलाने विचारले. आजी म्हणाली, "मामंजींनी गावभर सांगितलं होतं, पोरानं गाडी घेतली म्हणून. मी लग्न होऊन आले तेव्हा गोष्ट जुनी झाली होती. ती मोडायची कुणी?" थोडे थांबून ती पुढे बोलली. खरी गाडी घेतली ती आत्याला पहिलीत घातले त्या वर्षी. आत्याच्या शाळेच्या दाखल्यावर प्रवेशाची तारीख होती : जून १९९०. पैसे कसे जमले, हे तिने न विचारता सांगितले. शेठकडची सतरा वर्षे, गावचा एक बैल आणि तिच्या पाटल्या. "पाटल्या माझ्या आईच्या होत्या," एवढेच ती म्हणाली. मुलाने छायाचित्र पुन्हा उचलले. सहा महिने तो पाटीकडे, मीटरकडे, बंपरकडे पाहत होता. दारावरच्या त्या हातात फक्त काचेच्या बांगड्या होत्या.

१८/
आता दोन गाड्या झाल्या होत्या. एक १९७३ ची शेठची फियाट, जिचे एकही छायाचित्र नव्हते. दुसरी १९९० ची पद्मिनी. टेबलावरची प्रतिकृती पहिलीच्या नावाने घडली होती. 'फियाट' हे नाव कोरलेली पितळी पट्टी तयार होती, फक्त चिकटवायची होती. घोषणा करून झाली होती, काकांनी ती चार ठिकाणी सांगितलीही होती. मुलाने आजीलाच विचारले, कोणती पुरी करू? आजीने उत्तराला वेळ घेतला नाही. "ही कर. ती दुसऱ्याची होती."

१९/
वडिलांना हे सांगणे अधिक अवघड गेले. त्यांनी आधी पाटीवर शंका घेतली, मग स्कॅनवर, मग दाखल्यावर. एकेक कागद हातात घेऊन परत ठेवला. शेवटी ते म्हणाले, "मी आठ वर्षांचा होतो. दसरा नव्हता तो?" त्या वर्षी गावाहून आलेल्या बैलाच्या पैशांची गोष्ट त्यांनी कधी ऐकलेली नव्हती. त्या रात्री ते आईजवळ बराच वेळ बसले. काय बोलणे झाले ते कोणी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्यांनी मुलाच्या टेबलाजवळ थांबून प्रतिकृतीचे दार बोटाने हलकेच दाबून पाहिले आणि म्हणाले, "मागची सीट अशीच होती. पण रेक्झिन तांबडं होतं."

२०/
बैठक पुन्हा काढून तांबडी केली. समोरची जाळी चकचकीत होती, ती उत्तरकाळातल्या गाड्यांप्रमाणे काळी केली. नावाची पितळी पट्टी बाजूला ठेवून दुसरी कापली. शेवटी दोन सेंटिमीटरची नंबरपाटी छापून बसवली. 'एमएच ०१' यासह सगळी अक्षरे आणि सगळे आकडे, हार नसल्यामुळे पहिल्यांदाच पूर्ण वाचता येणारे. हार घालायचा की नाही यावर घरात थोडी चर्चा झाली. आजीने नको म्हटले. हाराने एकदा पुरेसे झाकले आहे, असे काही ती म्हणाली नाही, तिला फक्त कागदी झेंडू आवडले नाहीत.

२१/
संग्रहालयातल्या प्रतिकृतीखाली एक ओळीची पट्टी असते : वस्तू, प्रमाण, साल. घराची गोष्ट कोणत्याही सालात राहू शकत होती. दुष्काळ, पोस्टकार्ड, पूजा आणि पाटल्या हे सारे तिने एकाच दिवसात बसवले होते. प्रतिकृतीला ती मोकळीक नसते. तिची पाटी एका वर्षाची असते, तिची जाळी एका वर्षाची असते आणि कारागिराला विचारावेच लागते : कोणत्या दिवशीची गाडी? या एका प्रश्नाने एका घराला आपल्या इतिहासातली सतरा वर्षे परत मिळाली. माणूस रोज पहाटे दुसऱ्याच्या गाडीची काच पुसून रस्त्यावर उतरत होता ती वर्षे.

२२/
लाकडी पाटावर प्रतिकृती आता भिंतीवरच्या छायाचित्राखाली उभी आहे. पाटावरच्या पितळी पट्टीवर मुलाने तीन ओळी कोरल्या आहेत.
प्रीमियर पद्मिनी, मुंबई टॅक्सी, १९९०. प्रमाण १:२४.
त्याआधी सतरा वर्षे भाड्याच्या फियाटवर.
पाटल्या : आजीच्या.